चौथं रीळ शेवटी

मनामा, बहरीन
शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९८३

प्रिय शैलेंद्र,

तुझं पत्र मार्चमध्ये आलं आणि मी उत्तर लिहितोय ऑक्टोबरमध्ये. कामाचं कारण सांगता येईल, पण याच सात महिन्यांत मी इतरांना निदान वीस पत्रं लिहिली आहेत, त्यामुळे ते कारण खोटं ठरेल. उत्तर काय द्यावं ते ठरत नव्हतं म्हणून गप्प होतो. क्षमा कर.

तू काय मागितलंस ते आधी मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. ऑगस्ट १९७७. आपल्या तंत्रनिकेतनातला शिक्षकांचा संप. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य मिरजगावकरांनी तुला आणि मला खोलीत बोलावलं आणि, तू म्हणतोस त्याप्रमाणे, शब्द दिला की उद्या सगळे कामावर आले तर कुणावरही कारवाई होणार नाही. त्या शब्दावर तू सगळ्यांना आत नेलंस आणि चौथ्या दिवशी चिथावणीखोर म्हणून तुलाच काढलं. प्राचार्य आता म्हणतात, असा शब्द दिलाच नव्हता. खोलीत आपण तिघंच होतो. तेव्हा मी काय ऐकलं ते तुझ्या कोर्टातल्या दाव्यासाठी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, म्हणजे तुझी नोकरी परत मिळेल आणि नावावरचा तो शेरा जाईल.

शैलेंद्र, सहा वर्षं झाली. नेमके शब्द मला आठवत नाहीत, आणि आठवत नसताना शपथेवर लिहिणं बरोबर नाही. शिवाय त्याच सुमाराला तू एसटी स्टँडवर चारचौघांत मला शिव्या दिल्यास, आणि मी गप्प झालो तो त्यानंतर, हे तुलाही ठाऊक आहे. उणंदुणं काढायला हे लिहीत नाही. उलट मनात जे आहे ते सांगायला मला परवा एक सिनेमा सापडला, म्हणून आज पत्र होतंय.

आमच्या सुक्या गोदीत सप्टेंबरपासून एक चिनी मालवाहू जहाज दुरुस्तीला उभं आहे. त्यावरचा विजेचा इंजिनियर लिन, तिशीचा, सदा हसरा. खलाशांसाठी त्यांच्याकडे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आहे, तो बंद पडला होता. मी वर्कशॉपमध्ये आणून चालू केला. आवाजासाठी त्यात एक वेगळा छोटा दिवा असतो, तो मात्र इथे मिळेना. तरी लिन इतका खूश झाला की त्याने प्रोजेक्टरबरोबर सहा डबेही पाठवले: पाहा तुम्ही शुक्रवारी.

तर गेल्या शुक्रवारी दुपारी जेवणानंतर कंपनीच्या मेसमध्ये खिडक्यांना कांबळी लावली आणि चाळीस जण बसलो. आपले कोकणातले फिटर, केरळी, क्रेन चालवणारा इथलाच लतीफ. डब्यांवर आकडे चिनी. पहिल्यावर एक आडवी रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पुढे गडबड. एकावर टोपी घातलेला माणूस पाय फाकून उभा असावा तसं काहीतरी, एकावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, एकावर पडदे लावलेली खिडकी. देवगडचा रावजी माझा सर्वांत हुशार वायरमन. तो म्हणाला, "रेघा मोजा, सायबा. पयल्या तिनांक मोजल्यो, मगे फुडच्यांक कित्याक नको?" मोजल्या. टोपीवाल्याच्या चार, मधल्याच्या पाच, खिडकीच्या सहा. मी स्वतः पुन्हा मोजून खात्री करून घेतली आणि त्या क्रमाने डबे लावले.

सिनेमा असेल पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. काळा-पांढरा, आणि आमच्यापुरता मुका. त्यांच्या आपसातल्या युद्धावरचा. काढलाय अर्थात जिंकलेल्यांनी, त्यामुळे हरलेल्या बाजूचे सेनापती सगळे जाडे आणि घाम पुसणारे. पण तेवढं सोडून दे. नदीकाठच्या एका गावचे दोन दोस्त आहेत. एक उंच. तो सरकारी फौजेत टेलिफोनच्या तारा टाकतो. दुसरा बुटका नावाडी, तो बंडखोरांच्या बाजूला. मेसने त्यांची नावं ठेवली तारवाला आणि नावाडी. मी आजवर पाहिलेल्या युद्धपटांत बंदूक हाच हिरो असतो. इथे पहिली दहा मिनिटं बंदूक दिसतच नाही. बर्फावरून एक माणूस पाठीवर तारेचं रीळ घेऊन चालतोय आणि मागे काळी रेघ उमटत जातेय, बस. लढाई जवळ येतेय हे त्या रेघेवरूनच कळतं.

चौथ्या रिळात तारवाला एका टेबलासमोर उभा आहे, उजव्या हाताला पट्टी. समोर बंडखोरांचे तीन अधिकारी. कोपऱ्यात नावाडी, गळ्यात चौकड्यांचा मफलर. तारवाला बराच वेळ काही सांगतो. कुणी हलत नाही. मग नावाडी उठून त्याच्या हातात वल्हं देतो. पडद्यावर मोठी अक्षरं आली, रावजीने "इंटरव्हल" जाहीर केलं आणि चहा झाला. मी असा अर्थ लावला की हल्ला होणार हे सांगायला तो आधीच आला होता. पाचव्या रिळात तरीही लढाई होते. सरकारी तोफा नावा बुडवतात. तारवाला पुन्हा आपल्या जुन्या फलटणीत टेलिफोनपाशी दिसतो, वेडापिसा होऊन स्वतःच टाकलेली तार हातांनी ओढून तोडतो, उजवा तळहात फाटतो. इथे जरा तुटक वाटलं, पण जुन्या सिनेमात तसं असतंच. आणि शेवटी, बर्फातली एक पडकी गिरणी. दोघं समोरासमोर. तारवाला आपला वाफाळता पाव दोन्ही हातांनी मोडून अर्धा देतो, गळ्यातला मफलर काढून नावाड्याच्या गळ्यात बांधतो. कुणी कुणाला काही विचारत नाही. दोघं दोन दिशांना जातात, आणि कॅमेरा रिकाम्या जात्यावर थांबून राहतो.

शैलेंद्र, मला वाटतं, आपलंही असंच व्हावं. जे झालं ते युद्धाने झालं. दोन माणसांनी भाकर वाटून घ्यावी आणि हिशेब न मागता आपापल्या वाटेने जावं. मी खूप विचार करून हे लिहितोय.

अरुणा मजेत आहे, इथल्या शाळेत नववीला भूगोल शिकवते. शुभदावहिनींना नमस्कार.

तुझा,
चंद्रशेखर


बार्शी
२८ ऑक्टोबर १९८३

शेखर,

सात महिन्यांनी चार पानं आली, त्यातली तीन सिनेमाची. तक्रार नाही, सिनेमा चांगला आहे. शुभदाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "भावोजींना लिहा, अर्धा पाव द्यायला काही खर्च पडत नाही." हे तिचं वाक्य, माझं नाही. माझं पुढे.

तुला ठाऊक आहे, मी अठरा वर्षं पोरांना यंत्ररेखन शिकवलं आणि आता ओसरीवर शिकवण्या घेतो. त्यात एकच गोष्ट शिकवायची असते. वस्तू समोरून काढा, वरून काढा, बाजूने काढा, तिन्ही चित्रं एकमेकांशी जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर वस्तू चुकलेली नसते, काढणारा चुकलेला असतो.

तुझी चित्रं लावून पाहिली. चौथ्या रिळात तारवाल्याच्या हाताला पट्टी. पाचव्यात पट्टी नाही आणि हात फाटतो. सहाव्यात दोन्ही हात धडधाकट, पाव मोडतोय. म्हणजे आधी पट्टी, मग जखम, मग हात नवाकोरा. आता मफलर घे. सहाव्यात तो मफलर नावाड्याला देतो, पण नावाडी तर तो चौथ्यातच घालून बसलाय. तू चष्मा लावून इतकं सगळं टिपलंस, मला तीन हजार किलोमीटरवर कळलं, आणि तुझ्या लक्षात आलं नाही? तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू पुसट रेघेसाठी पोराचा कागद परत करायचास.

तुमच्या रावजीला सांग, चौकोन चार रेघांचा असतो, आतले पडदे मोजायचे नसतात. माझी पैज आहे की ती खिडकी म्हणजे चार आणि टोपीवाला म्हणजे सहा. डबे उलटे लागलेत. जिथे तुम्ही चहा प्यायलात तो सिनेमाचा शेवट होता.

सरळ लावून बघ. दोस्ताबरोबर पाव खाल्ला, मफलर दिला, निघून गेला. मग त्यानेच टाकलेल्या तारेवरून हुकूम गेला आणि दोस्ताच्या नावा बुडाल्या. मग हात फाटला. मग तो टेबलासमोर जाऊन उभा राहिला. आता सांग, वल्हं कशाबद्दल मिळालं?

स्टँडवर मी तुला शिव्या दिल्या म्हणतोस. दिल्या असतील. त्या महिन्यात मी दूधवाल्यालासुद्धा देत होतो. वाईट वाटतं.

सुनावणी ९ जानेवारीला आहे. वकील म्हणतात, परदेशातून प्रतिज्ञापत्र आलं तर वकिलातीच्या शिक्क्याचं हवं. कळवून ठेवतो. दिवाळीचा फराळ शुभदा करतेय, तिकडे पाठवायची सोय नाही, तुझ्या वाटणीचं मी खातो.

शैलेंद्र


मनामा
शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९८३

प्रिय शैलेंद्र,

पैज जिंकलास.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी लिनकडे गेलो. जहाजाच्या मागच्या पंख्याचा दांडा सिंगापूरहून यायचाय, म्हणून ते अजून इथेच आहे. मी कागदावर ती खिडकी काढून दाखवली. त्याने चार बोटं वर केली. टोपीवाला दाखवला, सहा. मग आम्ही कोणत्या क्रमाने पाहिलं ते त्याला सांगितलं, तर तो हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसलाच. त्याने स्वयंपाक्याला बोलावून सांगितलं, स्वयंपाक्याने आणखी दोघांना. रावजी बाजूलाच होता. तो मात्र हटायला तयार नाही. "खिडकी ती खिडकी, सायबा. तिका चार कोण म्हणतलो? ह्यांचाच चुकला."

एक गोष्ट मी तुला पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. मेसमधून बाहेर पडताना लतीफ मला म्हणाला होता, "इंजिनियर साब, ये आदमी पहले माफी माँगा, बाद में गुनाह किया. आप लोगों में ऐसा होता है क्या?" मी त्याला म्हटलं, अरे जुना सिनेमा आहे. क्रेनवाल्याला जे पहिल्याच झटक्यात दिसलं ते मला दिसलं नाही. दिसलं नाही असं लिहितोय, पण ते पूर्ण खरं नाही. मला पट्टी दिसली होती. ती खटकलीही होती. तुला पत्र लिहिताना मी ती खटकल्याचं गाळलं आणि 'तुटक वाटलं' एवढंच ठेवलं, कारण मला तो गिरणीचा शेवट हवा होता.

आवाजाचा दिवा एव्हाना आला होता. काल गुरुवारी चार वाजता लिनने जहाजावर खलाशांच्या जेवणाच्या खोलीत पुन्हा सिनेमा लावला, यावेळी सरळ. अरुणाही आली होती. रावजी पहिल्या रांगेत.

शैलेंद्र, हा फार मोठा सिनेमा आहे, आणि आता मी ते खात्रीने म्हणतो. गिरणीचा प्रसंग मधोमध आला की त्याचं सगळं वजनच बदलतं. पाव, मफलर, सगळं तेच. पण आता ते गोड लागत नाही, भीती वाटते. कारण आवाज आहे. दोघं पाव खात असताना बाहेर वाऱ्याने तार वाजतेय. बारीक, सतत. तारवाला ती ऐकतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. ही तार कशासाठी टाकली ते त्याला ठाऊक आहे, दोस्ताला नाही. तो सांगत नाही. पाव देतो, मफलर देतो, आणि जे सांगायला हवं तेवढंच सांगत नाही. मला जो मोठेपणा वाटला होता तो त्याचा गप्प राहण्याचा प्रसंग होता. नंतर नावा बुडतात तेव्हा दिग्दर्शक बुडणारी माणसं फार दाखवत नाही. तारेचं टोक धरून बसलेल्या ह्या माणसाचा कान दाखवतो. मी कुठल्याही सिनेमात कान इतका मोठा पाहिलेला नाही.

टेबलासमोर तो काय बोलतो ते मी लिनला विचारलं. मला वाटत होतं लांब भाषण असेल. लिन म्हणाला, एकच वाक्य, फिरवून फिरवून. त्याच्या मोडक्या इंग्रजीचं मराठी करतो: "ती तार मी टाकली. या हातांनी." बाजू कुणाची बरोबर, सेनापती कोण, यातलं काही नाही. मग नावाडी उठतो. त्याच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नाही, मी नीट पाहिलं. नावा वल्हवायला माणूस कमी आहे, म्हणून तो वल्हं देतो. आणि ती मोठी अक्षरं येतात. रावजी मागे वळून मला म्हणाला, "आता इंटरव्हल नाय. खलास."

परत येताना गाडीत अरुणा म्हणाली, "तुम्ही शैलेंद्र भावोजींना दुसरंच काहीतरी लिहिलं होतं ना?" हो म्हटलं.

आता आपल्या गोष्टीकडे. मला क्रम पक्का आठवतो: आधी स्टँडवरच्या शिव्या, मग माझं गप्प बसणं. सहा वर्षं मला ह्या क्रमाची खात्री आहे. पण खात्री मला डब्यांचीही होती, मी दोनदा मोजले होते. माझी ७७ सालची वही इथेच आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. काढून बघतो.

तुझा,
चंद्रशेखर


बार्शी
२४ नोव्हेंबर १९८३

शेखर,

पत्र मिळालं. कानाचं वाचून मला तो सिनेमा पाहावासा वाटला. बार्शीत येणार नाही, तेव्हा तू सांगितलास तेवढाच माझा.

वही काढतो म्हणालास. काढ. तुझी वही मला आठवते. दिवसाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहायचं आणि झालं की त्यावर फूटपट्टी लावून रेघ मारायची. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावरून किती हसायचो. गाढवे सर म्हणायचे, ह्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशीच्या पानावर 'उद्या: लग्न' असेल.

एक गोष्ट मीही तुला सांगितलेली नाही. कोर्टात मी ठामपणे सांगतो, वकिलांना ठामपणे सांगतो, शुभदाला तर रोज सांगतो, की मिरजगावकरांनी शब्द दिला. पण ते वाक्य मी सहा वर्षं एकटाच धरून बसलोय. इतकं घासलंय की आता ते त्यांचं राहिलंय की माझं झालंय, कळत नाही. कधी वाटतं, मीच दमलो होतो. तेवीस दिवस झाले होते, कुलकर्णी बाईंच्या घरी आजारपण होतं, लोक कुरकुरायला लागले होते. प्राचार्य नुसतं 'बघू' म्हणाले असतील आणि मला हवं होतं म्हणून मी 'शब्द देतो' असं ऐकलं असेल. सगळ्यांना आत मी नेलं, शेखर. माझी नोकरी गेली त्याचं मला सोसेल. पण मी त्यांना एका न दिलेल्या शब्दावर आत नेलं असेल तर ते मला सोसणार नाही.

म्हणून तुझ्या वहीत 'बघू' निघालं तरी ते लिहून पाठव. दाव्याचं काय व्हायचं ते होईल. मी पुन्हा मागणार नाही.

शैलेंद्र


मनामा
शुक्रवार, ९ डिसेंबर १९८३

प्रिय शैलेंद्र,

'बघू' नाही. शब्द दिला होता. तू बरोबर ऐकलंस. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचताना तू अडकून राहणार नाहीस.

वही आज सकाळी काढली. माळ्याला शिडी लावली तेव्हा अरुणाने खाली उभं राहून विचारलं, "चार आठवडे कशाला लागले?" मी म्हटलं, ट्रंक मागे होती. ती म्हणाली, "ट्रंक पुढेच आहे. मागे चटया आहेत." हे मी वहीतही लिहीन.

तीन पानं जशीच्या तशी उतरवतो.

मंगळवार, २३ ऑगस्ट १९७७. "सहा वाजता प्राचार्यांच्या खोलीत, शै. आणि मी. मि. म्हणाले: सर, उद्या सगळ्यांना आत आणा, मी शब्द देतो, एकावरही कारवाई होणार नाही. शै. ने विचारलं: लेखी? मि. म्हणाले: माझा शब्द लेखीच समजा. शै. ने पुन्हा विचारलं: एकावरही? मि.: एकावरही. उद्या: प्रयोगशाळेची किल्ली परत घेणे." या शेवटच्या ओळीवर रेघ आहे.

सोमवार, ५ सप्टेंबर. "शिक्षकदिन. गुलाबाची फुलं वाटली. अकरा वाजता मि. नी बोलावलं. टेबलावर एक कागद होता: २३ तारखेला कोणतंही आश्वासन दिलं गेलं का, याबाबत आपलं म्हणणं लिहा. शेजारी पेपरवेटखाली माझा बहरीनच्या नोकरीसाठीचा अनुभवाचा दाखला, सही न केलेला. त्यांनी दाखल्याचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. मी लिहिलं: असं आश्वासन दिल्याचं मला स्मरत नाही. त्यांनी दाखल्यावर सही केली. फूल खिशातच राहिलं. उद्या: शै. ला हे स्वतः जाऊन सांगणे."

शुक्रवार, ९ सप्टेंबर. "स्टँडवर शै. भेटला. त्याला कागद दाखवलेला दिसतो. त्याने एवढंच विचारलं: शेखर, तुला खरंच आठवत नाही? तीनदा विचारलं. लोक बघत होते. मी सोलापूरच्या गाडीत चढलो. उद्या: बॅगेला कुलूप."

शिव्या नाहीत, शैलेंद्र. एकही नाही. तू दिल्या असतील म्हणून वाईट वाटतं असं लिहिलंस, तेही मागे घे. माझी वही तेव्हा खोटं लिहिण्याइतकी हुशार नव्हती. ते मी नंतर, वही बंद असताना केलं. तुझ्या तोंडी शिव्या घातल्या, त्या माझ्या गप्प राहण्याच्या आधी नेऊन ठेवल्या, आणि सहा वर्षं तोच सिनेमा पाहत राहिलो. रावजीने निदान प्रामाणिकपणे रेघा मोजल्या होत्या.

मी दुपारी हा क्रम पुन्हा तपासला, सवयीने. मग थांबलो. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला आज वाईट वाटायला हवं होतं, वाटतंही आहे, पण त्याहून जास्त मोकळं वाटतंय, आणि ह्या मोकळेपणाचा मला संशय आला. म्हणून प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून अरुणाला वाचायला दिला आणि विचारलं, यात मी स्वतःला कुठे वाचवलंय का? तिने एक जागा दाखवली. 'दडपणाखाली' असा शब्द मी लिहिला होता. ती म्हणाली, "दडपण होतं, पण त्यांनी दाखल्याचं नावसुद्धा काढलं नाही असं तुम्हीच लिहिलंय." शब्द काढला.

आता मसुद्यात एवढंच आहे. २३ ऑगस्टला प्राचार्यांनी काय शब्द दिला, कोणत्या वाक्यांत, आणि तू दोनदा खात्री करून घेतलीस. ५ सप्टेंबरला मी स्वतःच्या अक्षरात 'स्मरत नाही' असं लिहून दिलं. ते लिहिताना मला सगळं स्मरत होतं. मागेपुढे दुसरं काही नाही. माझा तो कागद संस्थेकडे आहे आणि त्यांचा वकील तो कोर्टात दाखवणारच. दाखवू दे. त्यांनी काढण्याआधी तो माझ्या प्रतिज्ञापत्रात असेल. मग बार्शीत माझ्याबद्दल जे बोललं जायचं ते बोललं जाईल, आणि ते खरं असेल. तिन्ही पानांच्या फोटोप्रती जोडतोय. न्यायाधीशांनी मूळ वही मागितली तर टपालाने पाठवणार नाही, रजा घेऊन मी स्वतः घेऊन येईन. सुपरिंटेंडेंटला आजच सांगून ठेवलंय की जानेवारीत लागली तर दहा दिवस सुट्टी हवी. "इंशाल्ला," म्हणाला, म्हणजे बहुतेक देईल.

आणि कुलकर्णी बाईंना, गाढवे सरांना, ज्यांना ज्यांना तू त्या सकाळी आत नेलंस त्यांना हे पत्र दाखव. त्यांना तू प्राचार्यांनी खरोखर दिलेल्या शब्दावर नेलंस.

लिनचं जहाज बुधवारी सुटलं. जाताना त्याने रावजीला एक कागद दिला, त्यावर एक ते दहा चिनी आकडे मोठ्या अक्षरांत काढलेले आणि खिडकीखाली चार ठिपके. रावजीने तो वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवलाय. अजूनही म्हणतो, खिडकी.

५ सप्टेंबरच्या पानावरची ती शेवटची ओळ, तुला स्वतः जाऊन सांगण्याची, तिच्यावर रेघ नाही. सगळ्या वहीत रेघ नसलेली तेवढीच एक आहे. आज फूटपट्टी हातात घेतली आणि परत ठेवली. हे पत्र मिळाल्याचं तू कळवलंस की रेघ मारीन.

शुभदावहिनींना सांग, पावाबद्दल त्या बरोबर होत्या.

तुझा,
चंद्रशेखर

उद्या: सकाळी आठ वाजता वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करणे.